पोर्चचे दोन कॉलम

ऑफिसातलं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर आदल्या संध्याकाळी बदललं आणि सकाळी मोठे नकाशे छापणाऱ्या प्लॉटरमधून पहिला कागद बाहेर आला. भिंती, कॉलम, मापं, सगळ्या रेघा एकाच जाडीच्या, त्याही लाल-हिरव्या-निळ्या. मराठी सूचनांच्या जागी नुसते चौकोन. बिडकीनच्या एका घराच्या पायाचं ते ड्रॉइंग. ठेकेदार बाहेर बाकावर बसून होता आणि साइटवर जेसीबी येऊन थांबला होता.

उस्मानपुऱ्यातल्या एका स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे मी ड्राफ्टिंग करते. सर सारखे दारातून डोकावत होते.

"झालं का?"

"होतंच आलंय, सर."

काहीच होत आलं नव्हतं. जुन्या कॉम्प्युटरवरून फॉन्ट आणून टाकला तेव्हा मराठी परत दिसली. पण कोणत्या रंगाची रेघ काळ्या शाईत किती जाड छापायची, हे ठरवणारी पेन सेटिंगची फाइल नव्या सॉफ्टवेअरमध्ये आलीच नव्हती आणि जुनी सापडेना. शेवटी एकेक रंग निवडून मी ती नव्यानं बनवली. पुढचा कागद स्वच्छ, काळ्या रेघांचा निघाला. सरांनी नजर फिरवून सही केली, ठेकेदार गुंडाळी काखेत मारून निघून गेला.

माझं मन मात्र थाऱ्यावर नव्हतं. ऑफिससाठी दुसरी प्रत काढून मी ती स्क्रीनशी ताडून पाहू लागले. स्क्रीनवर पोर्चला दोन कॉलम होते. कागदावर पोर्च मोकळा. कॉलम नाहीत, त्यांचे नंबर नाहीत, खड्ड्यांची मापंही नाहीत. आर्किटेक्टच्या फाइलमधून ते पांढऱ्या छटेत आले होते. स्क्रीनच्या काळ्या पार्श्वभूमीवर ठळक दिसत. पेन सेटिंगची जुनी फाइल सगळेच रंग काळे छापायची, माझ्या नव्या फाइलमध्ये ती एक छटा राहून गेली. कोऱ्या कागदावर पांढरं छापलेलं कुणाला दिसणार?

ठेकेदाराला फोन लावला, रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला, तेच. कॉलम छापलेच गेले नाहीत आणि ठेकेदार फोन उचलत नाही, हे सरांना सांगितलं. ते रागावतील म्हणून मी मान खाली घातली होती, तर त्यांनी गाडीची किल्ली उचलली.

"नवीन प्रत काढ. चल."

पैठण रोडनं जाताना मी ठेकेदाराला पुन्हापुन्हा फोन लावत राहिले. पोर्चवर वरच्या मजल्याची खोली येणार होती. ते कॉलम नसते तर, हा विचार मी अर्धवटच सोडून देत होते.

साइटवर मागच्या बाजूचे खड्डे खणून झाले होते. जेसीबी पुढच्या बाजूला वळत होता. पोर्चच्या जागेवर खणायची जागा दाखवणारी चुन्याच्या फक्कीची एकही खूण नव्हती. ठेकेदार घाम पुसत आला.

"मशीनच्या आवाजात फोन ऐकूच आला नाय, सर. काय झालं?"

"पोर्चचे दोन कॉलम राहिलेत."

"आर्किटेक्टच्या नकाशात होते, मला वाटलं तुम्हीच कमी केले. ताईला तर लई आनंद झाला."

घरमालकीण, शेतकरी घरातली, गावातच शिकवणारी बाई, लिंबाच्या सावलीतून पुढे आली. गाडी सरळ आत जाईल म्हणून तिनं नवऱ्याला फोनसुद्धा केला होता.

"पण कागदावर तर नव्हते," ती म्हणाली. "मग आता परत कुठून आले?"

मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात सर म्हणाले, "ताई, चूक आमच्या ऑफिसची. सही माझी आहे. वरची खोली त्या दोघांवरच उभी राहणार आहे."

ती मोकळ्या जागेकडे बघत राहिली. "बरं झालं आलात," म्हणाली, पण चेहरा उतरलेलाच होता. ठेकेदारानं जुना कागद परत दिला, नव्यावरून फक्की टाकून घेतली. पोर्चच्या खड्ड्यांच्या खुणा झाल्या तरी मी टेप धरून पुन्हा मापं घेतली.

परतताना सर म्हणाले, "आज आणखी काही बाहेर गेलंय?"

"वैजापूरला एका स्लॅबचं ड्रॉइंग पाठवलंय."

ऑफिसात शिरल्याबरोबर मी ते काढलं. त्यात ती पांढरी छटा नव्हती. तरीही कागदावरच्या एकेक सळईवर पेन्सिलीनं खूण करत गेले. सर खुर्ची ओढून शेजारी बसले आणि स्क्रीनवरून एकेक सळईचं माप मोठ्यानं वाचून दाखवू लागले.