पुटपुटेकाकांची जागा

पुटपुटेकाकांचे ओठ कधी स्थिर नसत. कापडबाजारातल्या दुकानात ब्लाउजपीस मोजताना हलत, रिक्षाची वाट पाहताना हलत, कुणाच्या मयतीला गेले तरी हलत. अनोळखी माणसाला वाटे, देवाचं नाव घेताहेत. आम्हाला ठाऊक असे की तिसरा अंक चालू आहे. काका आमच्या नगरच्या नाट्यमंडळाचे प्रॉम्प्टर होते. विंगेत घडीचं स्टूल टाकायचं, संहिता मांडीवर घ्यायची आणि नट विसरला की त्याला हळूच शब्द द्यायचा, हे त्यांचं काम. खरं आडनाव वेगळंच होतं. हे मंडळात काम करणाऱ्या आम्ही मुलींनी चेष्टेत ठेवलं आणि त्यांनी ते बिनतक्रार वापरलं.

ते मूळचे पारनेरकडचे. स्वतःचं बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच राहिलं. पण विंगेतून कुजबुज सुरू झाली की त्याच तोंडून राजे, राण्या आणि कारस्थानी प्रधान अस्खलित बोलू लागत. रंगमंचावर मात्र ते एकदाही आले नाहीत. मी एकदा विचारलं, "काका, सगळ्यांचीच कामं तुम्हाला पाठ. एखादं आपण करावं, असं नाही वाटलं?"

"मी तिकडं गेलो तर हितं कोन बसंल?" एवढंच म्हणाले आणि पान उलटलं.

"थांबनं येगळं आन् अडकनं येगळं," हे त्यांचं आवडतं वाक्य. नट बोलता बोलता गप्प झाला की कच्चा प्रॉम्प्टर घाबरून वाक्य फेकतो आणि रंगलेला प्रसंग मातीत घालतो. काका आधी नटाच्या खांद्याकडे बघत. अडकलेल्या माणसाचा खांदा वर जातो, असं त्यांचं निरीक्षण. खांदा खाली असेल तर ते ढिम्म बसून राहत. आणि द्यायचा तो एकच शब्द. "अख्खं वाक्य दिलं तर त्यो आपल्या जिवावर बोलतो. एक शब्द दिला की बाकीचं त्याचं त्याला गवसतं." त्यांच्या आवाजाचाही एक नियम होता. तो नटाला ऐकू यायला हवा आणि पहिल्या रांगेला मुळीच नाही.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. सावेडीत एका खोलीत राहत. दुकानातली नोकरी सुटल्यावर तर नाटक सोडून त्यांना बोलायला कुणी उरलं नाही. मी कधी डबा घेऊन गेले की दारातच म्हणत, "ये सुमन, बरं झालं आलीस. भिंतीला आता समदं पाठ झालंय." मी हसायचे. माझंही घर तोवर रिकामं झालं होतं, पण ते आमच्या बोलण्यात कधी आलं नाही.

मग मंडळाचा सुवर्णमहोत्सव आला. जुनी गद्य आणि संगीत नाटकं पुन्हा करायची ठरली. पुण्याहून तरुण दिग्दर्शक आला, हुशार आणि नम्र. काकांनी स्टुलाला नवं कापड शिवून घेतलं. रंगीत तालमीला आम्हा सगळ्यांच्या कपड्यांना छोटे माईक लावले होते. प्रधानाचं काम करणारा विंगेला खेटून उभा होता, आणि काकांनी दिलेला शब्द त्याच्या माईकमधून सभागृहभर घुमला. सगळे खो खो हसले. काकाही हसले, आणि त्यांनी स्टुलाची घडी घातली.

दुसऱ्या दिवशी कार्यकारिणीची बैठक झाली. आता प्रॉम्प्टर नको, दिग्दर्शक म्हणाला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण काकांच्या जवळची मीच. त्यांना दुसऱ्या बाजूच्या विंगेत बसवता आलं असतं. मी म्हणाले, "वय झालंय त्यांचं. पहिल्या रांगेत मानाने बसू देत." मला तेव्हा हे खरंच चांगलं वाटलं होतं. आज त्याची लाज वाटते.

रविवारी दुपारी पहिला प्रयोग झाला. पडदा उघडण्याआधी काकांना शाल आणि श्रीफळ दिलं. ते नारळ मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसले. तिसऱ्या अंकात राणी राज्य सोडून निघते, तिथे मी प्रधानाला म्हणाले, "निघते मी," आणि पुढचं काही आठवेना. वर्षानुवर्षं केलेलं काम! डावीकडे विंगेत पाहिलं. तिथे काकांच्या स्टुलाच्या जागी आगीसाठी ठेवलेली वाळूची बादली होती. मग पहिल्या रांगेत पाहिलं. जन्मात पहिल्यांदा काकांचे ओठ स्थिर होते. त्यांनी ते शालीच्या पदराने दाबून धरले होते. अखेर ऑर्गनवाल्याने पुढच्या पदाचे सूर धरले आणि मला सोडवलं.

प्रयोगानंतर ते रंगपटात आले. मी रडत होते. "काका, तुम्हाला येत होतं. का नाही सांगितलंत?"

"तोंडात आल्तं गं. पन लोकांत बसून कसं सांगायचं? तू इसरलीस हे समद्यांना कळलं असतं. इंगेत असतो तर तुला न् मला, दोघांनाच कळलं असतं."

महोत्सवातल्या पुढच्या नाटकांना ते आले नाहीत. पास दारावरच्या मुलाकडे तसेच पडून राहत. मी फोन केला की "गुडघा लई दुखतो" म्हणत. मीही तालमींचं निमित्त करून गेले नाही. थंडीत एका सकाळी ते झोपेतच गेले. शेजाऱ्यांना दुपारी कळलं.

पारनेरहून आलेल्या पुतण्याने संहितांचा गठ्ठा माझ्या हाती दिला. मी राणीचं नाटक उघडलं. समासात पेन्सिलीने बारीक खुणा होत्या. 'इथे सुमन थांबते. सांगू नये.' तिसऱ्या अंकाशी आले. 'निघते मी' याच्या खाली, अक्षर पुसट झालेलं, कागद पिवळा पडलेला: 'इथे सुमन दर वेळी अडकते. खांदा वर जायच्या आत शब्द द्यावा.'

दर वेळी! आणि मी समजत होते, ते वाक्य मला पाठ आहे. त्यांनी शब्द इतका वेळेवर दिला होता की तो त्यांचा आहे, हे मला कधी कळलंच नाही.

आता संध्याकाळी एकटीच स्वयंपाकघरात उभी असते, काहीतरी आणायला म्हणून आलेली, काय ते आठवत नाही. नकळत डावीकडे बघते.