ओढ्याकाठचं बिनमुळाचं हिरवं

आधीच सांगून टाकतो — मुंजा, हडळ, चकवा, भानामती, यातलं काहीही मी मानत नाही. या सदरातले अनुभव मी सकाळच्या चहाबरोबर वाचतो आणि बायकोला वाचून दाखवून हसतो. बॉटनी घेऊन बी.एस्सी. झालेला माणूस आहे मी. झाड म्हटलं की मला पेशी आठवतात, पिंपळावर लोंबकळणारं कुणी नाही. तरी आज लिहायला बसलो, कारण परवा नातीने बाजारातून टपोरी जांभळं आणली, माझ्यापुढे बशी ठेवली आणि मी ती तशीच परत सरकवली. तिने विचारलं, आजोबा, काय झालं? मी पित्ताचं कारण सांगितलं. खरं कारण हे आहे.

साल बहात्तर-त्र्याहत्तरचं, म्हणजे दुष्काळाचं. माझी पहिलीच नोकरी आणि तीही टेंपररी. खात्याचं नाव घेत नाही. झाडं लावणारी सगळी खाती एकमेकांची मावसभावंडंच असतात. गाव पारनेर तालुक्यातलं, त्याचंही नाव नको, तिथली माणसं अजून आहेत. नगरहून एस.टी.ने यायचं, सुप्याच्या पुढे फाट्यावर उतरायचं आणि माळावरून पायी चालत सुटायचं. गावाखालून एक ओढा जायचा. त्याचे दोन्ही काठ बोडके. पाऊस झालाच तर काठाची माती ओढ्यात आणि ओढ्यातली माती पार खाली नदीत. त्या काठांवर करंज, अर्जुन, शिसवी लावून माती धरून ठेवायची, हे माझं काम. आता याला मोठमोठी नावं आहेत. तेव्हा लोक नुसतं 'फारेष्टरची झाडं' म्हणायचे. मला ते काम मनापासून आवडलं होतं हो. एका ओढ्याला पुन्हा सावली द्यायची, याहून चांगली नोकरी जगात नसेल असं वाटायचं.

माझं एकच वाईट होतं. नाक. लहानपणापासून मला घाण सोसत नाही. आणि दुष्काळात तर घाणीला तोटा नव्हता. ओढ्याच्या पात्रात मेलेली जनावरं आणून टाकायचे, त्यावर माशा घोंगावायच्या. कामावरच्या माणसांना सुकडी शिजवून द्यायचे, तिचा तो गोडसर करपट वास कपड्यांत बसायचा. मी सदैव नाकाला रुमाल लावून. कामावर हौसाबाई नावाची एक बाई होती, पन्नाशीची, तोंडाने फटकळ. ती मला 'सोवळं फारेष्टर' म्हणायची आणि सगळ्या बाया हसायच्या. हौसाबाईचं घर ओढ्याच्या वरच्या अंगाला, झिऱ्याशेजारच्या वस्तीवर होतं.

झिरा म्हणजे ओढ्याच्या उगमापाशी, कातळाच्या पोटात पाणी पाझरायचं ती जागा. खाली परातीएवढा खड्डा. बाया तिथे उकिडव्या बसून करवंटीने पाणी भरायच्या. एक हंडा भरायला अर्धी सकाळ जायची, पण भरायचा. गावातल्या विहिरी आटलेल्या, टँकर यायचा तो पार सडकेवर. हौसाबाईची सून नुकतीच बाळंत झाली होती. झिरा आटला तर वस्ती उठणार आणि त्या ओल्या बाळंतिणीला उन्हातून कुठे न्यायचं, हा घोर हौसाबाईला होता. झिऱ्याभोवती जुनी जांभळाची झाडं होती आणि एक उंबर. साऱ्या शिवारात हिरवं असं तेवढंच.

मी लावलेली रोपं अर्थातच मेली. भर उन्हात, पाण्यावाचून रोपं लावायचा हुकूम ज्याने काढला त्याने रोप कधी कुंडीतसुद्धा लावलं नसावं. मी नवी रोपं आणायला नगरला रोपवाटिकेत गेलो. तिथे मुक्काम पडला. गाडीभर रोपं घेऊन परत आलो, टेकाड ओलांडलं, आणि खाली बघतो तर काय — ओढ्याचे दोन्ही काठ हिरवेगार! ओळीने, अंतर राखून, पुरुषभर उंचीची डौलदार झाडं. क्षणभर मला अगदी भरून आलं. मग जवळ गेलो.

फांद्या होत्या. जांभळाच्या फांद्या तोडून माझ्या खड्ड्यांत खोचल्या होत्या आणि बुडाशी माती चोपून आळी केली होती. मुंबईहून पाहुणे दुष्काळी कामं बघायला येणार होते आणि आमच्या साहेबांना ओढा हिरवा दाखवायचा होता. शिवारात पाला फक्त झिऱ्यावर, म्हणून तिथे कुऱ्हाडी लावल्या. उंबराला दत्ताच्या भीतीने कुणी हात लावला नाही. जांभळाला देव नाही, म्हणून जांभळं पार भुंडी केली.

वरून कीर्तन, आतून तमाशा — ही म्हण त्या दिवशी मला मुळापासून समजली. साहेब पान चघळत उभे होते. मी म्हणालो, साहेब, ही संध्याकाळपर्यंत माना टाकतील. ते म्हणाले, पाहुणे दुपारी येणार आहेत.

पाहुणे आले. काळे गॉगल, पांढरे बूट. मोटारीतून उतरून त्यांनी ओढ्याकडे पाहिलं, वा वा म्हणाले, फोटो काढले आणि गेले. एकानेही फांदीला हात लावला नाही. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली, पानाची पिचकारी माझ्याच आळ्यात टाकली, आणि सांगितलं की आता याहून मोठे पाहुणे यायचेत, तोवर यातलं एकही हलवायचं नाही. सुकतील त्या जागी नव्या खोचायच्या. मला त्या माणसाची इतकी शिसारी आली की त्यांनी हात लावलेला सदरा मी त्याच दिवशी धुतला. पाणी नसताना.

फांद्यांची राखण करायला रशीदभाई नावाचे एक वयस्क गृहस्थ ठेवले होते. दुष्काळातली बकरी म्हणजे कागद खाईल, चप्पल खाईल. हिरवा पाला दिसल्यावर तासाभरात फडशा. रशीदभाई काठी घेऊन सज्ज बसले. दोन-तीन दिवसांनी मला म्हणाले, "साहेब, मला उगा बसवून ठेवलंय बघा. बकऱ्या येतच न्हाईत."

मला खरं वाटेना. मी स्वतः बघितलं. हौसाबाईच्या शेळ्या, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, काठाकाठाने आल्या. फांद्यांपाशी पोचल्या तशा थांबल्या. नाक वर केलं. आणि लांबून वळसा घालून पलीकडच्या वाळल्या काटक्या चघळायला गेल्या. पोटात आग असलेलं जनावर हिरवा पाला सोडून काटक्या खातंय, हे मी आयुष्यात त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

आणि फांद्या सुकेनात. आठवडा गेला, पंधरवडा गेला... ऊन असं की दगडाला चटका लागावा. बिनमुळाची, बिनपाण्याची ती फांदी तुकतुकीत. उलट पानं जास्तच फुगीर, जाडसर दिसू लागली होती. मी मनाशी शास्त्र लावत होतो — जमिनीत ओल असेल, काही फांद्यांना मुळं फुटतात, वगैरे. पण मी एक पान चिमटीत धरलं तर ते गार आणि बुळबुळीत लागलं. वास आला. पाल्याचा नव्हे. तान्ह्या पोराने दूध ओकल्यावर अंगावरच्या कपड्याला येतो तो, आंबूस. मी हात वाळूत घासघासून पुसला.

तिकडे वर झिऱ्यावर वेगळंच चाललं होतं. भुंड्या केलेल्या जांभळांनी उरलासुरला पाला गाळला. सालीला सुरकुत्या पडल्या. उंबरही वाळायला लागला, आणि त्याला तर कुणी हातही लावला नव्हता. झिऱ्याचं पाणी उतरत गेलं. आधी हंड्याला अर्धी सकाळ लागायची, मग सबंध दिवस, मग नुसता ओला चिखल. हौसाबाईची थट्टा बंद झाली. मी तिला समजावत होतो की मावशी, दुष्काळ आहे, सगळीकडेच पाणी आटतंय. ती ऐकून घ्यायची आणि ओढ्याकडे बघायची.

एका सकाळी ती कामावर आलीच नाही. मी झिऱ्यावर गेलो तर चिखलापाशी बसलेली. सुनेला दूध येईनासं झालं होतं. म्हणाली, "आता दोन दिसात वस्ती उठल, भाऊ. त्येवढं तुमचं हिरवं उपटा. मला न्हाई ठावं काय हाय ते. पर मला बघवत न्हाई."

मला तरी कुठे बघवत होतं? मी साहेबांना गाठलं. फांद्या काढतो म्हणालो. कारण काय सांगणार... बकऱ्या खात नाहीत? सुकत नाहीत? साहेब माझ्याकडे वेडा माणूस बघावा तसे बघत राहिले. म्हणाले, "हिरवी आहेत ना? मग तुला त्रास काय आहे?" आणि एकही फांदी हलली तर घरी जायचं, हेही शांतपणे सांगितलं. घरी माझ्या मागे धाकट्या बहिणी होत्या. सगळ्या तालुक्यात दगड फोडण्याशिवाय काम नव्हतं.

परत येताना मी पहिल्याच फांदीशी थांबलो. मला फक्त बघायचं होतं. टळटळीत ऊन होतं, रशीदभाई शेजारी उभे होते. मी फांदी धरून उपसली. ती सहज आली नाही. चिकटलेली होती, आणि सुटताना आवाज आला — अंगावर पिणारं मूल ओढून काढल्यावर होतो तसा, चट् करून. खड्ड्यातली माती कोरडी ठाक. मूळ एकही नाही. पण कुऱ्हाडीचा घाव होता तिथे काहीतरी वाढलं होतं. कलमाच्या कापलेल्या टोकाला पांढरट गाठ धरते, तिला कॅलस म्हणतात, ती मी प्रयोगशाळेत पाहिली होती. हे तसं नव्हतं. फिकट गुलाबी, ओलं, मऊ, दात पडलेल्या म्हाताऱ्याच्या हिरड्यांसारखं. मध्ये खाच. मी शास्त्राचा विद्यार्थी, मूर्खासारखा त्या खाचेला बोट लावून बघायला गेलो.

तिने बोट ओढलं. वासराच्या तोंडात बोट दिलं की ते चोखतं ना... तसंच. आत ऊब होती.

मी बोट हिसकलं आणि जागच्या जागी ओकलो. रशीदभाईंनी तौबा तौबा म्हणत उपरण्याने तोंड झाकलं. त्यांनीही पाहिलं होतं. पुढे कधी भेट झाली आणि विषय निघाला की ते म्हणायचे, ते नको काढू बेटा, जेवायचंय मला.

मग मी विचार केलाच नाही. कामावरच्या माणसांना बोलावलं आणि सगळं उपटायला सांगितलं. नोकरी गेली हे मला कळत होतं. पण त्या क्षणी मला नोकरीपेक्षा आंघोळ जास्त हवी होती. माणसं तोंडाला फडकी बांधून उपटत होती. चट्, चट्, चट्... दोन्ही काठांवरून तोच आवाज. बायांनी पोरांना लांब नेलं. हौसाबाई पदर खोचून पुढे, ती शिव्या देत उपटत होती, अगदी साहेबांच्या आईबापांपर्यंतच्या. उपटलेल्या फांदीचा पाला डोळ्यांदेखत काळा पडून गळत होता. आठवड्यांचं सुकणं एका घटकेत उरकल्यासारखं. ढिगाचा जो वास सुटला, त्याचं वर्णन मी करणार नाही, तुम्ही कदाचित चहा पीत असाल. उन्हं कलली तसा वास गेला. नुसत्या वाळक्या काटक्या उरल्या आणि शेळ्या येऊन त्या कुरतडू लागल्या.

साहेबांनी मला अर्थातच काढलं. ते पुढे बढती घेऊन मोठ्या पदावर गेले, सुखाने निवृत्त झाले. कुणी त्यांचं बोट चोखलं नाही. मला पुढच्या वर्षी दुसरीकडे काम मिळालं आणि जन्मभर मी ओढ्यांच्या काठांनी झाडंच लावली. आता लोक मला वृक्षारोपणाला पाहुणा म्हणून बोलावतात. नारळ, हार, फोटो. मी जात नाही. गेलोच तर रोपाला हात लावत नाही, आणि लोकांना वाटतं म्हातारा गर्विष्ठ आहे.

कारणं मी खूप शोधली. फांदीतला साठलेला रस, बुरशी, एखादी कीड, उन्हाने आणि उपासाने आम्हा सगळ्यांना झालेला भास. एका प्राध्यापकांना सांगितलं तर त्यांनी चहा मागवून विषय बदलला. झिरा आणि फांद्या यांचा संबंध होता असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. मला फक्त पुढचं माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वळकटी बांधून निघालो होतो. हौसाबाई समोरून आली, हातात तांब्या. झिऱ्याला रात्रीतून पाणी आलं होतं, खड्डा भरून वाहत होता म्हणाली. सुनेला पाजलं होतं, आणि आता हा तांब्या माझ्यासाठी. मागे वस्तीवरची सगळी माणसं येऊन उभी राहिली. रशीदभाईही होते.

मी तांब्यात पाहिलं. पाणी स्वच्छ होतं, तळ दिसत होता. पण काल त्या टोकांना जे मी पाहिलं होतं, ते इतके दिवस काय पीत होतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तेच हे पाणी. आणि ते कुठून परत आलं असेल, हा विचार मनात आला तसा मी खिशातला रुमाल चाचपला. माझं बोट अजून मऊ पडलेलं होतं. हौसाबाई माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला सगळं कळत होतं. ती हळूच म्हणाली, "आमच्याकडं दुसरं न्हाई, भाऊ."

मी डोळे मिटले आणि तांब्या तोंडाला लावला.

गोड होतं. एवढं गोड पाणी मी आयुष्यात कधी प्यायलो नाही, आणि याचंही कारण मला आजतागायत सापडलेलं नाही.