दर पहिल्या तारखेची सही

ती घटना आजही आठवली की हातातले पेन मी क्षणभर खाली ठेवतो.

तेव्हा मी अमरावतीतल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्तीला दोनेक वर्षे उरली होती आणि मुळातला तापट स्वभाव आणखी तापला होता. सकाळची हजेरी आटोपून स्टेशन डायरी चाळत बसलो होतो. ठाणे अंमलदाराने एका गृहस्थांना आत आणले. विमान उडवायला शिकवणाऱ्या एका संस्थेतले ते प्रशिक्षक. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. त्यांनी एक जाडजूड फाईलवजा पुस्तक माझ्या टेबलावर ठेवले आणि खुर्ची सरकवून जरा लांब बसले.

वैमानिकांसाठी अशी पुस्तके असतात. कुठे धावपट्टी आहे, किती लांब आहे, आसपास उंच काय काय आहे, ही सगळी माहिती त्यात मिळते. ती बदलली की नवी पाने येतात. जुने पान काढायचे, नवे घालायचे आणि पुस्तकाच्या सुरुवातीच्या नोंदीच्या पानावर तारीख टाकून सही करायची. सही ताजी असेल तर पुस्तक ताजे. आता हे सगळे टॅबवर असते. पण त्यांच्याकडे शिकणाऱ्या तिवशाच्या एका मुलीने घरी अभ्यासाला म्हणून हे जुने पुस्तक विकत घेतले होते. नोंदीच्या पानावर चालू महिन्याच्या एक तारखेची सही दिसली आणि पोरगी निर्धास्त झाली. उड्डाणाआधी ताजी माहिती तपासायचा नियम तिने गुंडाळून ठेवला. एकटीने विमान घेऊन गेली, दुसऱ्या गावच्या धावपट्टीवर उतरायला खाली आली, तर समोर उंच मनोरा. पुस्तकात तिथे मोकळे रान होते. विमान वेळेत वर घेतले म्हणून वाचली.

"मग तिला झापा ना. माझ्याकडे कशाला आलात?" मी म्हणालो.

"झापलं साहेब. पण ही सही माझ्या मित्राची आहे. त्याला जाऊन चार वर्षं झाली. विमान कोसळून गेला तो. मी खांदा दिलाय त्याला."

मी नोंदीचे पान पाहिले. सह्यांच्या ओळी खाली खाली उतरत गेल्या होत्या. गेल्या चार वर्षांतला एकही महिना सुटला नव्हता.

माझे गणित सोपे होते. मेलेला माणूस सही करत नाही. म्हणजे सही खोटी, नाहीतर माणूस जिवंत. अर्ज नोंदवून घेतला आणि संस्थेतून त्याच्या जुन्या सह्या मागवल्या. ठाण्यातला लेखनिक भिंगाखाली दोन्ही ठेवून बराच वेळ पाहत राहिला. शेवटी म्हणाला, "साहेब, हा एकच हात आहे." बनावट सही करणारा अडखळतो, कुठेतरी पेन टेकवतो. इथे पेन कुठेच टेकले नव्हते. माझा संशय पक्का झाला की हा गडी जिवंत आहे आणि कुठेतरी लपून बसला आहे.

मुलीने ज्याच्याकडून पुस्तक घेतले होते तो जुन्या पुस्तकांचा दुकानदार ठाण्यात आणून बसवला. चौकशीत माझी एक रीत होती. प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचे. लबाड माणूस ती शांतता भरून काढायला तपशिलावर तपशील देतो. हा नुसता घामाघूम होत गेला.

"सायेब, मी शौकीन लोकायले विकतो. विमानाचे मॉडेल बनवनारे हायेत, रिटायर पायलट हायेत, बाहेरगावाहून मागवतात. शिकनारे पोट्टेबी नेतात. मले त इंग्रजी वाचताबी येत नाई."

"पुस्तकं आणून कोण देतं?"

"कोनी नाई जी. अकोल्याहून एसटीच्या पार्सलनं येतात. महिन्याले एक."

"आणि पैसे कुणाला देतोस?"

"कोनी मागतलेच नाई, सायेब."

पार्सलवरचे खाकी कागद त्याने जपून ठेवले होते. पाठवणाऱ्याच्या जागी त्या मेलेल्या वैमानिकाचे नाव होते, स्वच्छ आणि वळणदार अक्षरात.

दुकानदाराने अकरा पुस्तके विकली होती. गिऱ्हाइकांचे फोन नंबर होते, तेवढ्यांना आम्ही भराभर फोन लावले आणि पुस्तक उघडू नका, परत पाठवा म्हणून सांगितले. दरम्यान अकोल्याच्या पार्सल ऑफिसातला कारकून म्हणाला, दर महिन्याच्या दोन तारखेला एक वयस्क गुरुजी पार्सल घेऊन येतात. त्यांचे घरही त्याला माहीत होते. महिना संपतच आला होता. एक तारखेलाच घर गाठायचे ठरवले.

एका महिला शिपायाला घेऊन मूर्तिजापूरमार्गे निघालो. अकोल्याचे ऊन ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. भर दुपारी त्या वसाहतीत चिटपाखरू नव्हते. दार गुरुजींनी उघडले. भिंतीवर बुद्धांची तसबीर होती, खाली हार घातलेला मुलाचा फोटो. मी ओळख सांगितली. ते घाबरले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "बसा जी. तो आत काम करून राहिला."

"कोण?"

"लेक माहा."

त्याच वेळी आतून खट् असा आवाज आला. कागदाला भोक पाडायच्या यंत्राचा. मग पाने उलटल्याचा. मग पुन्हा खट्. मी विहिरीतून प्रेते काढली आहेत, रुळांवरचे पंचनामे केले आहेत. पण हार घातलेल्या फोटोसमोर उभे राहून तो आवाज ऐकताना माझे पाय उंबऱ्याशी थबकले. शिपाईबाईने माझी बाही धरली होती. मीही ती सोडवून घेतली नाही.

पडदा सरकवला. टेबलाशी पाठमोरे कोणीतरी बसले होते. अंगात वैमानिकाचा पांढरा शर्ट, खांद्यावर सोनेरी पट्ट्या. शर्टाखाली लुगडे होते.

ती त्याची आई होती. तिने पुस्तकातले एक पान काढले, झटकले, कडेने पुन्हा भोक पाडले आणि तेच पान परत जागेवर लावले. टेबलावर नवे पान एकही नव्हते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर नजर टाकून तिने आकडे उतरवले आणि एका झटक्यात सही केली. पेन कुठेच टेकले नाही.

गुरुजींनी आम्हाला बाहेर बसवले. संस्थेत सगळे टॅबवर गेले तेव्हा ही पुस्तके रद्दीत निघाली होती. मुलाने ती घरी आणली. नवी पाने मिळत होती तोवर दर एक तारखेला मायलेक बसायचे. तो वाचायचा, ती पाने लावायची. पुस्तकांचा ढीग, सह्यांचा कंटाळा, म्हणून हसत हसत त्याने आपली सही तिला शिकवली होती.

"तो गेल्यावर पानं येनं बंद झालं. इचं बसनं नाई बंद झालं," गुरुजी म्हणाले. "म्हनून मी वर्षभरापासून दर महिन्याले एक पुस्तक घराबाहेर काढतो. पुस्तकं सरतील तवा तरी थांबन. पाठवनाऱ्याचं नाव विचारतात, त कोनाचं सांगू? पुस्तकं त्याचीच न."

"ते सहीचं पान फाडून का नाही टाकलं, गुरुजी?"

"इच्या हातचं होतं जी. जुन्या पुस्तकात पाहून कोनी विमान उडवन, हे मले सुचलंच नाई. रोज सकाळी पंचशील म्हनतो. खोटं बोलनार नाई म्हनतो. खोटं बोललो नाई, सायेब. फक्त कोनाले सांगतलं नाई."

मला राग आला होता, खोटे कशाला सांगू. एक पोरगी मनोऱ्यावर आदळता आदळता वाचली होती. मी आत गेलो आणि म्हाताऱ्या बाईला सगळे सरळ सांगून टाकले.

तिने ऐकले. तिचा हात त्या पानावरच होता.

"पोट्टी वाचली न?"

"वाचली."

"तिच्या मायले ठाऊक हाय?"

मी होकारार्थी मान हलवली. तिने शर्टाची बटणे एकेक करून सोडली, शर्ट घडी करून खुर्चीवर ठेवला आणि पुस्तक मिटले.

वयस्क बाईला ठाण्यात बोलवायचे नसते. जबाब घरीच लिहिला, वाचून दाखवला आणि सहीसाठी पुढे केला. तिने पेन घेतले. शिपाईबाई ओरडली तेव्हा मी पाहिले. कागदावर मुलाची सही होती आणि बाजूला तारीख.

"आजी, ही नाही. तुमची सही करा."

ती गोंधळून नवऱ्याकडे पाहू लागली. "मले माही सही येत नाई. एवढीच येते."

गुरुजींनी मान खाली घातली. "गावोगावच्या पोट्ट्यायले शिकवलं मी. घरचंच राहून गेलं."

तो कागद बाद केला. नव्या कागदावर तिचा अंगठा घेतला. शाई पुसता पुसता तिने मला विचारले, "मंग आता पह्यल्या तारखेले म्या काय करू?"

नमस्कार करून बाहेर पडलो.

गुन्हा दाखल केला नाही. अर्ज चौकशीअंती दफ्तरी दाखल केला, म्हणजे प्रकरण तिथेच मिटवले. त्या वेळी पुष्कळांनी मला म्हातारीबद्दल हळहळून विचारले, पण मला झोप लागू देत नव्हते ते वेगळेच काही. आमच्या ठाण्यात मालखान्याचे रजिस्टर असते. दर महिन्याला प्रभारी अधिकाऱ्याने जप्त वस्तू स्वतः पडताळून सही करायची असते. मी वर्षानुवर्षे खुर्चीत बसूनच ती सही करत आलो होतो. अकोल्याहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी मालखाना उघडला आणि रजिस्टर घेऊन एकेक वस्तू पडताळली. तीन वस्तू जागेवर नव्हत्या. रजिस्टरात त्या माझ्या सहीने दर महिन्याला हजर होत्या. ती म्हातारी तरी पान काढून परत लावत होती. मी तेवढेही केले नव्हते. वरिष्ठांना अहवाल पाठवला, माझ्यावर ठपका आला, तो मी मुकाट्याने घेतला.

अकरापैकी दहा पुस्तके परत आली. अकरावे एक गिऱ्हाईक रोख पैसे देऊन घेऊन गेले होते, त्याचे ना नाव ना पत्ता. आता निवृत्त झालो आहे. कुठेही जुन्या पुस्तकांचे दुकान दिसले की आत जातो आणि विमानाचे पुस्तक आहे का म्हणून विचारतो. असलेच तर आधी नोंदीचे पान उघडतो. ती सही मला लांबूनही ओळखू येईल. अजून दिसलेली नाही, आणि तोवर कोणीतरी तिच्यावर भरवसा ठेवून बसलेले असेल याची मला भीती वाटते.