हौदाची राखण

माझं माहेर वडगाव रासाईचं, भीमेच्या काठावरचं. सासर यवतच्या जवळ, हायवेपासून थोडं आत. गावाचं नाव सांगत नाही, घरात भांडणं काय कमी आहेत म्हणून गावाशी काढू? लग्न ठरलं तेव्हा माझ्या सासऱ्यांनी, त्यांना आम्ही मामा म्हणतो, एकच शंका काढली होती. "नदीकाठची पोरगी हाय, पाण्याला हात सैल असायचा." बैठकीतले सगळे हसले. मीही हसले, येडी! पुढं घरात कुठंही पाणी सांडलं की ते वाक्य माझ्याच डोक्यावर येऊन बसायचं.

मामांच्या घराण्यात मागच्या पिढीपर्यंत मेंढरं होती. पाण्याच्या मागं रानोमाळ हिंडलेली माणसं. आता बागायत झाली, पक्कं घर झालं, तरी तोंड धुताना मामा तांब्यात घोटभर पाणी मागं ठेवतात आणि ते तुळशीला घालतात. यात मला हसू येत नाही, उलट मनातून कौतुकच वाटतं. पण कौतुक वाटणं वेगळं आणि चोवीस तास त्यांच्या नजरेखाली नांदणं वेगळं.

गावात पाणी कधी येईल याचा नेम नाही. कधी सकाळी, कधी भर दुपारी, कधी आज नाहीच. कधी लाइट नसते, कधी मोटार जळते, कधी कुठं लाइन फुटते. म्हणून अंगणात जमिनीखाली हौद बांधलेला. नळाची पाइप हौदात सोडलेली आणि तिच्यावरचा कॉक, हौदाशेजारच्या खोल खड्ड्यातला, कायम उघडा. पाणी येईल तेव्हा येईल, हौद भरला की आतला बॉल तरंगत वर येऊन पाणी आपोआप बंद होईल. आमच्या गल्लीतल्या बाया पाण्याची वाट बघत घरात बसायच्या. मी मात्र त्या उघड्या कॉकच्या जिवावर स्कूटीला किक मारून यवतला जात होते.

तिथं एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये मी नोकरी करत होते. लग्नाआधी कोर्स केला होता, तो वाया गेला नाही याचा मला केवढा आनंद! म्हाताऱ्या माणसांची शीर सापडत नाही, भलेभले चार-चारदा टोचतात. मी दोन बोटं ठेवली की शीर आपणहून वर यायची. लोक लॅबच्या मॅडमना सोडून मला विचारत यायचे, "त्या ताई हायत का? त्यांचा हात दुखत न्हाई." घरात मला कुणी कधी असं विचारलं नव्हतं. ती नोकरी माझा जीव की प्राण होती, आणि हे मी घरात बोलून दाखवत नव्हते, कारण सुनेला जे आवडतं त्यावर सगळ्यांचा डोळा असतो.

मग पाणीपट्टीची जुनी पद्धत गेली आणि नळाला मीटर बसला. पहिलं बिल आलं आणि घरात सुतक पडलं. शेजारच्या काकूंच्या घरात आमच्याएवढीच माणसं, वर दोन म्हशी. त्यांच्या तिप्पट आमचं बिल!

"एवढं पाणी गेलं कुठं?" मामा म्हणाले.

माझ्या सासूला मी आत्याबाई म्हणते. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, ताटातली भाकरी मोडत म्हणाल्या, "कामावरनं आली की डोक्यावरनं आंघोळ. पांढरा कोट रोज येगळा धुवायचा. जायाचंय कुठं दुसरीकडं?"

"अहो आत्याबाई, दिवसभर लोकांचं रक्त हाताळते, आंघोळ नको करू?"

"मग हाताळू नगं."

मी नवऱ्याकडं बघितलं. हे कंपनीत शिफ्टला जातात आणि घरात वाद निघाला की यांना हटकून झोप येते. उठून गेले आत.

त्या दिवसापासून मला अर्धी बादली. कोट मी लॅबमध्येच धुवायला लागले. मामा रानात जाताना आणि परत आल्यावर मीटरवर वाकून आकडा बघायचे आणि "हूं" म्हणायचे. घोटभर पाणी प्यायला माठाशी गेले तरी तांब्याचा आवाज होऊ नये म्हणून जपायचे. चोरी केली नव्हती, तरी चोरासारखी वागत होते, आणि त्या वागण्याचाच मला जास्त संताप यायचा.

दुसरं बिल पहिल्यापेक्षा जास्त आलं!

मामांना वाटलं, पाइप जमिनीत गळत असणार. गवंडी बोलावला, अंगणातली फरशी उखडली, सगळी पाइप उघडी पाडली. एक थेंब ओल नव्हती. पुन्हा माती लोटली, वर सिमेंट मारलं, आणि हात धुताना मामांनी निकाल दिला. "घरात बघणारं कुणी न्हाई, म्हून ही गत. येतं बिल बी असंच आलं तर नोकरी बंद."

मी म्हणाले, "आणि चूक माझी नसली तर?"

"तर कुणाची? माझी?" मामा म्हणाले. मी दातओठ खाल्ले आणि खराटा घेऊन उरलेली माती झाडायला लागले.

पुढच्या आठवड्यात लॅबमधलं मशीन बंद पडलं आणि मॅडमनी मला सकाळीच घरी पाठवलं. मी अंगणात पाय पसरून मेथी निवडत बसले होते. नळाला अजून पाण्याचा पत्ता नव्हता. तेवढ्यात हौदातून फुसफुस ऐकू आली. झाकण सरकवून बघितलं, तर पाइप कोरडीठाक आणि तिच्यातून वारा येतोय, चांगला जोराचा. सहज मीटरकडं मान वळवली. काटा गरागरा फिरत होता! थेंब नाही पाण्याचा आणि काटा असा पळतोय! बराच वेळ नुसता वारा आला, मग पाइप खाकरली आणि पाणी पडायला लागलं.

मी मेथी तिथंच टाकली. पण सांगून कोण ऐकणार? दुसऱ्या दिवशी मशीन दुरुस्त झालं नव्हतं, म्हणून मी घरीच होते, मामांनाही हट्टानं थांबवलं. फुसफुस सुरू झाली तशी त्यांचा हात धरून पाइपीच्या तोंडाशी नेला. मामा हौदाच्या काठावर उकिडवे बसले होते. तळहाताला वारा लागला, मग त्यांनी मीटर बघितला, मग पुन्हा तळहात बघितला.

"आयला! ह्यो तर वाऱ्याचं बिल लावतोय की!"

"व्हय," मी म्हणाले. "आन् माझ्या आंघोळीवर घातलं तुम्ही."

मामा ओशाळले. मग इतके हसले की त्यांना ठसका लागला. आत्याबाईंना हाका मारून म्हणाले, "सूनबाईचं डोकं बघ की! आपण अंगण खांदलं, हिनं बसल्या जागी शोधलं." आत्याबाईंनी त्या दिवशी मला गरम पाण्याची भरून बादली काढून दिली. मला रडू आलं. सुटले, असं वाटलं.

मामा आणि मी दोघं गावात पाणी बघणाऱ्या माणसाकडं गेलो. त्यानं ऐकून घेतलं. "हवा काढायला मीटरच्या आधी काही बसवायचं नाही, तसा नियम आहे," तो म्हणाला. "लाइन भरताना हवा पुढं येतीच. तुमचं घर शेवटाला, त्यात कॉक उघडा, म्हणून सगळी तुमच्यातनं जाते. कॉक बंद ठेवायचा. पाणी आलं अशी गल्लीत हाळी झाली की मग उघडायचा. शेजारच्या काकू तेच करतात की."

घरी आल्याबरोबर मामांनी हौदाशेजारच्या खड्ड्यात उतरून कॉक बंद केला. अगदी गच्च. संध्याकाळी चहा घेताना नवऱ्यानं विचारलं, "मग उघडायचा कुणी?"

मामा दिवसभर रानात. आत्याबाईंचे गुडघे असे, की खड्ड्यात उतरल्या तर वर काढायला दोन माणसं लागतील. नवरा शिफ्टला. एकेक करून सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी म्हणाले, "शेजारच्या काकूंना सांगू. त्या उघडतील."

"आपलं पाणी दुसऱ्याच्या हातात? न्हाई," मामा म्हणाले.

"मग कॉक वर घेऊ, आत्याबाईंच्या हाताशी येईल असा."

"आत्ता तर सिमेंट मारलंय. परत उखडायचं?"

"बरं, राहू द्या उघडा. बिल मी भरते, माझ्या पगारातनं."

मामांनी कप खाली ठेवला. आवाज चढवला नाही, उलट मायेनं बोलले. "पाण्याला पैसं दिलं असतं गं पोरी. वाऱ्याला कोण देतं? लोक त्वांडात शेण घालतील."

आत्याबाई सरकून माझ्याजवळ आल्या, पाठीवरून हात फिरवला. "तूच शोधलंस, तुलाच बराबर कळंल कवा उघडायचं ते. आन् मला बी दिसभर कुणीतरी व्हतंय बोलायला." त्यांचा चेहरा खुलला होता. त्यात कपट असतं तर मी कडाकडा भांडले असते. कपट नव्हतं, म्हणून भांडताही येईना. नवऱ्याला झोप आली होती.

दोन दिवस टाळलं, तिसऱ्या दिवशी मॅडमना फोन लावला. काय सांगावं ते ठरवलंच नव्हतं. "मॅडम, घरी जरा पाण्याचं बघावं लागतंय," एवढंच बोलले.

"पाणी येत नाही का?"

"येतं की. कधी येतं ते सांगता येत नाही."

मॅडम म्हणाल्या, "तुझ्यासारखा हात मला मिळणार नाही गं. पण असं किती दिवस थांबू? दुसरी मुलगी बघू का?"

नको म्हणायचं होतं. थांबा, मी काहीतरी करते, असं म्हणायचं होतं. तेवढ्यात गल्लीत "पाणी आलं" अशी हाळी उठली, आतून आत्याबाईंनीही हाक मारली, आणि मी "बघा" म्हणून फोन ठेवला आणि खड्ड्यात उतरले.