बैठकीतलं उंटांचं चित्र

स्वातंत्र्यानंतर रेल्वेचे गोरे साहेब विलायतेला निघाले, तेव्हा एका साहेबाच्या बाईनं बाबांना फ्रेम केलेलं चित्र दिलं. बाबा गोंदियाच्या मालधक्क्यावर कारकून. इतरांना टेबल-खुर्च्या मिळाल्या, आमच्या वाट्याला उंट आले, असं आई म्हणायची. तपकिरी शाईनं काढलेल्या तीनशे वर्षांपूर्वीच्या चित्राची ती छापील नक्कल. असल्या शैलीला बरोक म्हणतात, हे मला फार पुढे कळलं. तेव्हा एवढंच दिसायचं, की विहिरीवर एक पोरगी म्हाताऱ्याला घागरीनं पाणी पाजते आहे, मागे उंट ताटकळले आहेत आणि सगळ्यांचे कपडे वावटळीत सापडल्यासारखे फुगले आहेत. गोष्ट बायबलातली. बाईनं ती मोडक्या हिंदीत माझ्या मोठ्या बहिणीला सांगितली होती.

गोंदियाजवळच्या मुर्रीत आमचं घर; तिथं चित्र बैठकीत लागलं. त्याच्याच समोर, बहिणीला पाहायला सौंदडहून आलेले पाहुणे बसले: मुलाचे आजोबा, वडील आणि मामा. मुलगा नव्हताच. आमच्याकडे पसंती मोठ्यांची. पोरापोरींनी एकमेकांना थेट मांडवात पाहायचं. बहिणीला हे मुळीच मंजूर नव्हतं. "मुलगा पाहिल्याशिवाय हो म्हणणार नाही," हा तिचा हेका. बाबा तिला बजावून थकले होते, की तोंड उघडलंस तर सोयरीक मोडेल.

मी आणि आई दाराआड उभ्या. बहिणीनं चहा दिला आणि ती बैठकीतच बसली. आजोबांनी भिंतीवरच्या चित्राकडे बोट केलं. "हा कोणता देव होय जी?"

बाबा उत्तर देणार, तोच बहीणच बोलली. "देव नाही जी. मालकाच्या पोरासाठी पोरगी पाहाले आलेला माणूस होय. यानं तिले चालून दाखव म्हटलं नाही, सुई ओव म्हटलं नाही. पाणी मांगलं. तिनं याले पाजलं, उंटायले बी पाजलं. याले पसंत पडली."

"बेस केलन! मंग?"

"मंग घरच्यायनं तिले पुसलं, जाशीन का म्हणून. ती हो म्हणाली, तवा लग्न ठरलं."

झालं, गेली सोयरीक हातची, असं मला वाटलं. तरी बहिणीचा अभिमान काही आवरेना. आजोबांनी चित्राकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि मिशीत हसले. "मंग आमी बी पुसून राहिलो. येशीन का बाई?"

"पोराले आणा. पाहीन, मंग सांगीन."

म्हातारा मांडीवर थाप मारून हसला. "आणतो! काऊन नाही आणणार?" बाबांच्या जिवात जीव आला.

मी आईकडे वळले. तीही हसत होती, डोळे मात्र भरलेले. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मले तं कोणीच नाही पुसलं वं."