आईच्या गुडघ्याचे फोटो

गुडघे दुखायला लागले की आईला गोळी नको, मलम नको, एक्स-रे हवा. "फोटू काढ बाई एक, लई बरं वाटतं." मी पाथर्डीत एका खासगी दवाखान्यात एक्स-रे काढते, त्यामुळे ते औषध तिला घरचंच वाटे. उमेदीची सगळी वर्षं तिनं ऊस तोडला, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढली. गुडघे राहणार कुठले? फोटो काढला की दुखणं जातं, ही तोडीवरून परत आलेल्या निम्म्या बायकांची समजूत. मी प्रत्येकीवर खेकसायची, फोटोत दुखणं दिसतं, जात नाही.

मग मोबाईलवर एक लेख वाचला. थोडं रेडिएशन अंगाला चांगलं असतं, झिजलेल्या सांध्यांना काही ठिकाणी ते मुद्दाम देतात, असं त्यात होतं. दुसऱ्या लेखात होतं, हे नुसतं मनाचं समाधान, थोडंसुद्धा वाईटच. आमच्या डॉक्टरांना विचारलं. "तज्ज्ञांचंच अजून एकमत नाही," ते म्हणाले. "आणि ते मोजून देतात, वेगळ्या मशीनवर. तुमच्या फोटोत काय असतंय?" छातीवर रेडिएशन मोजायचा बॅज लावून फिरणारी मी, मला हे कळत नव्हतं असं नाही. पण मी सोयीचं तेवढंच ऐकलं. आईला नाही म्हणायचा कंटाळा आला होता, हे खरं कारण.

त्यानंतर ती म्हणेल तेव्हा फोटो. दुपारी दवाखाना रिकामा असला की ती टेबलावर चढायची, मी बटण दाबायची. उतरल्यावर दोन पावलं टाकून दाखवायची. मलाही बरं वाटायचं.

दिवाळीनंतर ती पाठ धरून यायला लागली. "पाठ बी दुखती, पन तू गुडघ्याचाच काढ. त्येनंच समदं ऱ्हातं." मी गुडघ्याचाच काढला. तीन वेळा.

शेवटी पाठीचा काढला, तो डॉक्टरांच्या आधी मीच पाहिला. मणक्याचं हाड पोखरलेलं होतं. कॅन्सर दुसरीकडून तिथवर आला होता. आधी काढला असता तर ती वाचली असती का, माहीत नाही. कदाचित चालती राहिली असती. माझी मलाच चीड येते, पण तिचा आता काय उपयोग?

नगरच्या डॉक्टरांनी शेक द्यायला सांगितलं, म्हणजे रेडिएशनच, मोठ्या मात्रेचं. ते फक्त वेदना कमी करायला, आणि मणक्यातली नस दबून पुढे पायांतली जाणीव जाईल, हे त्यांनी मला एकटीला बाहेर बोलावून सांगितलं. आई मात्र खूश. "मी म्हनत हुते ना? तूच येडी."

आता ती घरी खाटेवर असते. परवा मी ओल्या फडक्यानं तिचे पाय पुसत होते.

"गुडघं दुखायचं थांबलं बघ," ती म्हणाली. "जरासुदीक न्हाई."

मी तिच्या गुडघ्याला जोरात चिमटा काढला. ती माझ्याकडे बघून तशीच हसत होती.

"शेकानं गुण आला न्हवं?"

"व्हय आई, आला," मी म्हणाले आणि दुसरा पाय पुसायला घेतला.