फुटक्या डोळ्याची बाजू

कितीतरी भाऊबीजांना मी पाट मांडला आणि संध्याकाळी तसाच उचलून ठेवला. दादा बोईसरला कारखान्यात होता, एसटीने येणं काही अवघड नव्हतं. पण माझ्या सासरच्या उंबऱ्याला त्याचा पाय लागला नाही.

आमच्या लहानपणी माहेरच्या आणि सासरच्या गावात समुद्रातल्या जागेवरून भांडण पेटलं होतं. डोल जाळं ज्यांना बांधतात ते खुंट समुद्रात कोणी कुठे ठोकायचे, हा वाद. पोलीस पोरांना धरत नाहीत, म्हणून आमच्या थोरांनी होड्यांवर पोरंच पुढे उभी केली, पायाशी दगडांच्या पाट्या ठेवून. दादाचा नेम चांगला, म्हणून तो सगळ्यांत पुढे. त्याच्या दगडाने समोरच्या होडीतल्या एका माणसाचा डावा डोळा गेला. किनाऱ्याला लागल्यावर लोकांनी दादाला खांद्यावर घेतलं. मीही नाचले. तो घरी येऊन मोरीत ओकत बसला.

पुढे दोन्ही गावांचे पंच बसले, नारळ फुटला, जागा वाटून झाल्या. पोरांना कोणी बोलावलंच नाही. समेट पक्का व्हावा म्हणून सोयरीक जुळवली आणि मला त्या गावात दिलं. तो डोळा गेलेला माणूस माझा सासरा झाला.

बाबा दादाला समजावायचे, "तू पोर व्हतास. दोष आमचा हाय."

"दगड माज्या हातात व्हता," दादा म्हणायचा. त्याने समुद्रच सोडला. सासरी सुके बोंबील भाजले की मी शेपट्या ताटातच ठेवायचे. लहानपणी त्या कुरकुरीत शेपट्या दादा माझ्यासाठी बाजूला काढायचा.

शेवटी सासऱ्यांनीच निरोप दिला. "त्याला सांग, माज्या फुटक्या डोल्याच्या बाजूनं घरात शिर. मला दिसनारच नाय." स्वतःच हसले. मग म्हणाले, "आमच्या होडीवर पन पोरंच व्हती. मीच उभी केलेली."

निरोप ऐकून दादा खूप रडला. येतो म्हणाला, पण आला नाही.

सासरे गेले तेव्हा आला. गर्दीतून वाट काढत तिरडीच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला. मी चिडलेही होते आणि त्याचा हात मला सोडवतही नव्हता.

"ते व्हते तवा का नाय आलास, दादा?"

"त्यांच्या चांगल्या डोल्याला भ्यालो गं."